तलाव लांब, इंजिन चालू, तरी टेकऑफला फ्लोटप्लेन का कोसळतं?

प्रश्न थोडक्यात असा: डोंगरातल्या तलावावरून उडणाऱ्या एका फ्लोटप्लेनचा, म्हणजे चाकांऐवजी होडीसारखे पोकळ फ्लोट असलेल्या विमानाचा, व्हिडिओ. लख्ख ऊन, पाणी जवळपास निवांत, इंजिनचा आवाज शेवटपर्यंत भरदार. विमान पाण्यावर बराच वेळ धावतं, सुटतं, पुन्हा टेकतं, परत सुटतं, समोरच्या काठावरची झाडं जवळ आल्यावर डावीकडे वळतं आणि वळता वळताच डावा पंख पाण्याला लागून उलटतं. इंजिन बंद पडलेलं नाही, तलावही आखूड नाही. मग बिघडलं काय? आणि अशा विमानात प्रवासी म्हणून बसायचं तर काय पाहून बसावं?

मी फ्लोटप्लेन चालवते आणि इतरांना शिकवते. एका व्हिडिओवरून त्या विशिष्ट विमानाचं निदान करणं योग्य नाही, ते काम तपास करणाऱ्यांचं. असं का म्हणते ते पुढे एका उदाहरणातून सांगेन. पण लांबलेली धाव, सुटून परत टेकणं आणि मग झाडं चुकवण्यासाठी घेतलेलं वळण हा क्रम या प्रकारच्या अपघातांत पुन्हा पुन्हा दिसतो, त्यामुळे त्याची उकल करता येते. अपघात वळणावर झालेला दिसतो. तो ठरतो मात्र त्याच्या थोडा आधी, विमान पाण्यावर असताना. थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेणं तेव्हा सहज शक्य असतं आणि ते घेतलं जात नाही.

आधी पाण्यावरची धाव समजून घेऊ, कारण धावपट्टीची सवय असलेल्या माणसाला ती फसवते. चाकांच्या विमानाला सुरुवातीपासून अडवणारं फारसं काही नसतं. फ्लोटप्लेनचं सगळं वजन सुरुवातीला फ्लोटांनी बाजूला सारलेल्या पाण्यावर तोललेलं असतं. पूर्ण थ्रॉटल दिला की नाक वर उचललं जातं, फ्लोटांची मागची टोकं पाण्यात दबतात आणि विमान स्वतःच उभी केलेली लाट चढू लागतं. समोर काही दिसत नाही, आवाज प्रचंड असतो, वेग मात्र वाढत नाही. पाण्याचा विरोध इथे सर्वांत जास्त असतो. पायलट याला हम्प म्हणतात.

फ्लोटच्या तळाला, विमानाच्या गुरुत्वमध्याच्या जरा मागे, एक आडवी पायरी असते. तिचं नाव स्टेप. वेग पुरेसा झाला की पाणी या पायरीपाशी तळापासून सुटतं, फ्लोटचा मागचा भाग मोकळा होतो आणि फ्लोट पाणी कापत चालण्याऐवजी पृष्ठभागावरून घसरू लागतो. विमान स्टेपवर आलं की नाक खाली येतं, समोरचं दिसू लागतं, विरोध झटकन कमी होतो आणि वेगाचा काटा पळायला लागतो. इथून सुटण्याइतका वेग येईपर्यंत विमान नाकाच्या एका ठरावीक कोनात धरून ठेवणं हे पायलटचं काम. हा कोन फार अरुंद असतो. नाक किंचित खाली गेलं तर फ्लोटांचा पुढचा भाग पाणी खातो, किंचित वर गेलं तर फ्लोटची मागची टाच पाण्यात ओढली जाते. दोन्ही चुकांत वेग वाढायचा थांबतो. शिकणाऱ्याला हे काट्यावर उशिरा कळतं, पाठीला आधी कळतं. सीट मागून ढकलायची थांबली की कोन बिघडला. मी विद्यार्थ्यांना काही काळ वेगाच्या काट्याकडे न बघता हेच ओळखायला लावते. बोटाएवढ्या हालचालीने विमान पुन्हा पुढे सरसावतं, आणि ते एकदा जाणवलं की माणूस विसरत नाही.

याच टप्प्यात पॉर्पॉइझिंग होतं, म्हणजे नाक लयीत वर-खाली होऊ लागतं आणि दर हेलकाव्याला झोका वाढत जातो. बहुतेक वेळा नाक जास्त खाली धरल्याने ते सुरू होतं. हेलकाव्यांच्या मागे काठी (नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे-मागे करत राहिलं की ते आणखी बिघडतं, कारण हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो. पहिल्या एक-दोन हेलकाव्यांत काठी मागे घेऊन थांबलं तर ठीक, नाहीतर थ्रॉटल बंद. फ्लोटांची नाकं पाण्यात घुसून विमान कोलांटी खाण्याची शक्यता इथे खरी असते.

आता तुमच्या व्हिडिओतला डोंगरातला तलाव आणि लख्ख ऊन. मला या प्रश्नात सर्वांत महत्त्वाच्या याच दोन गोष्टी वाटतात. समजा तलाव समुद्रसपाटीपासून ५००० फुटांवर आहे आणि तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. त्या उंचीचं प्रमाण, म्हणजे हिशोबासाठी सामान्य धरलेलं, तापमान साधारण ५ अंश. म्हणजे हवा २५ अंशांनी जास्त गरम. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर हवेची घनता ८००० फुटांवरच्या हवेइतकी होते. साध्या, सुपरचार्जर नसलेल्या इंजिनला तिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश ताकद मिळते. प्रॉपेलरही विरळ हवेत कमी ओढतो. इथपर्यंतचा हिशोब कोणत्याही विमानाला लागू आहे.

फ्लोटप्लेनची खरी अडचण पुढे आहे. हवा विरळ होते, पाणी होत नाही. पंखाला उचल देण्यासाठी काट्यावर तोच वेग लागतो, पण विरळ हवेत काटा तोच वेग दाखवत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे १३ टक्के जास्त वेगाने जात असतं. खाली समुद्रसपाटीला जे विमान ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सुटतं, त्याचे फ्लोट इथे पाण्यावरून ६२ नॉटने फरफटत जावे लागतात. त्या वेगापर्यंत तेच वजन न्यायला सुमारे २७ टक्के जास्त ऊर्जा हवी, आणि ती देणारं इंजिन पाव भागाने अशक्त झालेलं. पाण्याचं घर्षण वेगाबरोबर वाढतच असतं. म्हणून गरम दुपारी उंचावरच्या तलावावर कधी कधी असं होतं की विमान हम्प ओलांडतं, स्टेपवर येतं, छान पळायला लागतं आणि सुटण्याच्या वेगाच्या चार-पाच नॉट अलीकडे येऊन तिथेच थबकतं. इंजिनचा आवाज पूर्ण असतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात ओढ आणि विरोध समसमान झालेले असतात. तलाव कितीही लांब असला तरी ते विमान त्या क्षणी उडणार नसतं. 'तलाव तर लांब होता' या तुमच्या शंकेचं उत्तर बरंचसं इथे आहे.

त्यातच पाणी शांत. किनाऱ्यावर उभ्या माणसाला तरंग नसलेलं पाणी सर्वांत सुरक्षित वाटतं. टेकऑफला ते सर्वांत चिकट असतं. लहान लाटा असतील तर फ्लोटखाली हवा शिरत राहते आणि पाण्याची पकड तुटत राहते. तरंगच नसले की तळाचा मोठा भाग सलग ओला राहतो. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटल्या की सरळ उचलून सुटत नाहीत, एक कड वर केली की सुटतात, तसंच काहीसं इथे करतो. वेग आला की एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) एक फ्लोट आधी उचलायचा, विरोध एकदम कमी होतो आणि दुसरा मागोमाग सुटतो. किंवा आधी पाण्यावर एक फेरी मारून स्वतःच्याच लाटा तयार करायच्या. दोन्ही युक्त्या उपयोगी आहेत. पण त्या सीमेवरच्या टेकऑफला थोडी मदत करतात, न होणाऱ्या टेकऑफला नाही. गरज पडलीच तर वापरू म्हणून त्यांच्या भरवशावर जास्त वजन भरणं मला मुळीच मान्य नाही.

वजनाचा विषय निघालाच आहे तर फ्लोटांमधलं पाणी. फ्लोट आतून अनेक बंदिस्त कप्प्यांत विभागलेला असतो. जुन्या अमेरिकन नियमांनुसार मुख्य फ्लोटांची तरंगण्याची क्षमता विमानाच्या कमाल वजनाला लागते त्याहून ८० टक्के जास्त हवी, आणि एखाद्या फ्लोटचे कुठलेही दोन कप्पे भरले तरी विमान उलटता कामा नये. त्यामुळे होतं असं, की बऱ्यापैकी पाणी शिरलं तरी विमान धक्क्याला तरंगताना ठीकच दिसतं. सांध्यांतून, रिव्हेटांच्या भोकांतून थोडं पाणी येतच राहतं. म्हणून सकाळी प्रत्येक कप्प्याच्या नळीवरचा लहान रबरी चेंडू काढायचा, हातपंप लावायचा आणि कोरडी हवा येईपर्यंत उपसायचं. मी दट्ट्याचे फटके मोजते आणि विद्यार्थ्यांनाही मोजायला सांगते. कालपर्यंत पाच फटक्यांत कोरडा होणारा कप्पा आज तीस घेत असेल, तर पाणी काढून निघून जायचं नसतं, तळाला काय लागलं ते शोधायचं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो. ते किलो वजनाच्या कागदावर कुठेही नसतात, शिवाय धाव सुरू होऊन नाक वर गेलं की कप्प्यातलं पाणी मागे सरकतं आणि वजनाचा तोल मागे जातो. नाक गरजेपेक्षा वर राहू पाहणारं, स्टेपवर यायला कुरकुरणारं विमान दिसलं की मला आधी हीच शंका येते.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट जमिनीवरून उडणाऱ्यांना लवकर पटत नाही. वाऱ्याच्या तोंडावर टेकऑफ घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं. तलावावर वारा ज्या काठाकडून येतो त्या काठावर बहुतेकदा झाडं किंवा डोंगर असतो. त्याच्या आडोशाला काठालगत पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा दिसतो. मध्यभागी लाटांच्या रेघा, काठाशी शांत. आपण वाऱ्याच्या तोंडावर धावतो म्हणजे नेमके त्या आडोशाकडे धावत असतो. सुरुवातीला मिळालेला दहा नॉटचा समोरचा वारा शेवटी, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते तिथे, दोन-तीन नॉटवर येतो. वर डोंगर असेल तर त्यावरून उतरणारी हवा विमानाला खाली दाबते. त्यामुळे उड्डाणाआधी पाण्याचा रंग आणि पोत नीट वाचायचा. गुळगुळीत पट्टा जिथे सुरू होतो तिथे माझ्यापुरता तलाव संपला असं मी धरते. नकाशावरची लांबी काहीही असो.

पाण्यावर तरंगणारे ओंडके, अचानक आडवी येणारी बोट, वर उचलायचे राहिलेले वॉटर रडर (फ्लोटांमागचे पाण्यातले सुकाणू), चुकीच्या टाकीवर असलेला इंधनाचा खटका ही कारणंही आहेतच. ८ जून २०२४ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कोल हार्बरमध्ये टेकऑफ घेणारं एक बीव्हर जातीचं, एका इंजिनाचं फ्लोटप्लेन बोटीवर आदळलं होतं. पण तुमच्या व्हिडिओत यांचा माग दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

आता तो ठरवणारा क्षण. पाण्यावर टेकऑफ सोडून देणं हे विमानचालनातल्या सर्वांत स्वस्त निर्णयांपैकी एक आहे. ब्रेक तापत नाहीत, टायर फुटत नाहीत, धावपट्टी संपून खड्ड्यात जाणं नाही. थ्रॉटल बंद केला, काठी मागे घेतली की फ्लोट पाण्यात बसतात आणि पाणीच विमानाला धरतं, थोड्याच अंतरात. इतका सोपा मार्ग असूनही तो घेतला जात नाही, कारण सोडायचं कुठे हे आधी ठरलेलं नसतं. न ठरवता धावणाऱ्या माणसाला प्रत्येक सेकंदाला विमान 'आता सुटेल' असंच वाटत असतं. ते हलकं झालेलं असतं, फ्लोटांचा खडखडाट कमी झालेला असतो, काटा अजून थोडा हलतोय. त्या अवस्थेत शांतपणे विचार करून निर्णय घेणं माणसाला जमत नाही. तो निर्णय इंजिन सुरू करायच्या आधी झालेला हवा.

मी हे असं शिकवते: काठावरच्या दोन ठळक खुणा निवडायच्या, एखादा खडक, एखादी वठलेली फांदी, जुना धक्का. पहिल्या खुणेपाशी विमान स्टेपवर असलंच पाहिजे. दुसऱ्या खुणेपाशी ते हवेत असलंच पाहिजे, आणि दुसऱ्या खुणेनंतर थांबायला पुरेसं पाणी उरलं पाहिजे. खुणा मोठ्याने बोलून दाखवायच्या, शेजारी प्रवासी असला तरी. धावपट्टीवरचे पायलट एक नियम वापरतात, निम्म्या लांबीला सुटण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग नसेल तर थांबायचं. त्यामागचं गणित सरळ आहे, वेग एकसारखा वाढत असेल तर निम्म्या अंतराला तो शेवटच्या वेगाच्या ७१ टक्के असतो. पाण्यावर वेग एकसारखा वाढत नाही, हम्पपाशी अडतो, मग उसळतो, शेवटी पुन्हा मंदावतो. शेवटच्या त्या मंदावण्यामुळे निम्म्या अंतराचा ७० टक्के वेग पाण्यावर खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून मी त्या नियमावर पाण्यात विसंबत नाही, खुणांवर विसंबते. आणि सोडून दिल्यावर काहीतरी बदलल्याशिवाय दुसरा प्रयत्न नाही. दोन प्रवासी उतरवा, सामान दुसऱ्या खेपेला न्या, संध्याकाळी हवा थंड होईपर्यंत थांबा. काहीच न बदलता पुन्हा धावायचं तर हवा तीच, वजन तेच आणि इंजिन आधीपेक्षा गरम.

व्हिडिओतलं सुटणं, टेकणं आणि पुन्हा सुटणं हे मला पाहताक्षणी खटकलं असतं. पृष्ठभागाच्या अगदी जवळ उडताना पंखामागची हवा पूर्ण खाली वळू शकत नाही आणि उचल निर्माण करण्यापायी होणारा विरोध कमी होतो. पंख पाण्यापासून त्याच्या एकूण लांबीच्या चतुर्थांश उंचीवर असेल तर हा विरोध सुमारे २३ टक्क्यांनी कमी असतो. एक-दशांश उंचीवर असेल तर जवळजवळ निम्मा. लांबीइतक्या उंचीवर फायदा संपतो. बीव्हरच्या पंखांची लांबी ४८ फूट आहे, म्हणजे पाण्यापासून जरा वर जाताच ही मदत निसटायला लागते. काठी ओढून, लाटेच्या टोल्याने किंवा फ्लॅप (पंखाची उचल वाढवणाऱ्या झडपा) जास्त उघडून विमान पाण्यावरून उचकटता येतं. पण ते त्या पातळ थरापुरतंच उडत असतं. चढण्याइतका वेग त्याच्याकडे नसतो. तिथे नाक खाली धरून, पाण्यालगत सरळ उडत वेग वाढवायला अंतर लागतं, आणि व्हिडिओतल्या विमानाने ते अंतर आधीच खर्च केलेलं आहे.

मग समोर झाडं येतात. माणूस वळतो. ही उपजत प्रतिक्रिया आहे आणि तीच जीव घेते. वळताना पंखाला वजनाव्यतिरिक्त विमानाला वळवायचंही असतं, त्यामुळे स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखाची उचल कोसळते तो वेग, वाढतो. ३० अंश कललं तर ७ टक्क्यांनी, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. विमान स्टॉलच्या वेगाच्या जेमतेम वर असेल तर ३० अंशांचा कलही परवडत नाही. शिवाय फ्लोटांचा बराचसा पृष्ठभाग गुरुत्वमध्याच्या पुढे असतो, त्यामुळे विमान शेपटाच्या जोरावर सरळ राहण्याची ताकद थोडी गमावतं. म्हणून अनेक फ्लोटप्लेनना शेपटाखाली किंवा आडव्या शेपटावर जादा फिन (उभी पाती) लावलेले दिसतात. पाण्याच्या इतक्या जवळ पंख कलवायची भीती वाटते म्हणून पायलट नकळत जास्त रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटाचं सुकाणू) देतो, विमान वळणात बाहेर घसरतं, आणि आतला, खालचा पंख आधी स्टॉल होतो. व्हिडिओत डावीकडे वळताना डावा पंख खाली गेला, हे या वर्णनात नेमकं बसतं. वारा मागे पडला की भरीला एक आभास तयार होतो. पाणी खालून भराभर मागे जाताना दिसतं, वेग भरपूर आहे असं वाटतं, प्रत्यक्षात पंखावरून वाहणारी हवा तेवढीच असते.

अशा वेळी पर्याय एकच, आणि तो भीषण वाटतो. पंख सरळ ठेवून, थ्रॉटल बंद करून विमान पुन्हा पाण्यावर बसवायचं, मग ते काठावर चढलं तरी चालेल. पाण्याने वेग खाल्लेला असतो, फ्लोट आणि त्यांचे दांडे आघात झेलतात, विमान मोडतं. सरळ पंखांनी, कमी वेगाने काठावर घुसलेल्या विमानातून माणसं बाहेर येतात. पंखाच्या टोकावर कोसळणाऱ्या विमानाचं तसं नसतं.

निदानाबद्दल सुरुवातीला जे म्हटलं ते इथे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिडनीच्या उत्तरेला जेरुसलेम बे इथे एक बीव्हर फ्लोटप्लेन टेकऑफनंतर थोड्याच वेळात कोसळलं. पायलट आणि पाचही प्रवासी गेले. बाहेरून पाहणाऱ्याला ते चिंचोळ्या खाडीत घेतलेलं तीव्र वळण आणि स्टॉल एवढंच दिसलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा तपास संस्थेने खोलात जाऊन पाहिलं तेव्हा पायलटच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आढळला. एक्झॉस्टला, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, तडे होते आणि इंजिन व केबिन यांमधल्या भिंतीतल्या झाकणांचे काही बोल्ट गायब होते. उड्डाणाआधी पाण्यावर बराच वेळ चाललेल्या टॅक्सीत तो वायू भिनला होता. विचारशक्ती मंदावलेला अनुभवी पायलट बाहेरून निष्काळजी पायलटसारखाच दिसतो. म्हणून वर लिहिलेलं सगळं 'असं घडतं' म्हणून वाचा, 'त्या पायलटने हेच केलं' म्हणून नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. टेकऑफच्या अपघातात आदळण्याचा वेग पुष्कळदा जगण्यासारखा असतो. माणसं बुडून मरतात, विमानाच्या आत. २९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमधून निघालेलं बीव्हर टेकऑफनंतर वळताना स्टॉल होऊन पाण्यात पडलं. जोरदार, झोताचा वारा होता, स्टॉलची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती. आठ जणांपैकी पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले, बाकीचे सहा बुडाले. आघाताने चारपैकी दोन दारं अडकली होती. त्यानंतर कॅनडाच्या तपास मंडळाने व्यावसायिक सीप्लेनना (पाण्यावरून उडणाऱ्या विमानांना) पटकन बाहेर पडता येईल अशी दारं-खिडक्या बसवाव्यात आणि प्रवाशांनी तरंगण्याचं साधन अंगावर घातलेलं असावं अशा शिफारशी केल्या. बीव्हरसाठी बाहेर ढकलून काढता येणाऱ्या खिडक्या उपलब्ध झाल्या. २०१९ मध्ये कॅनडाने नियम बदलले आणि लहान व्यावसायिक सीप्लेनमध्ये लाइफ जॅकेट अंगावर घालणं आणि पायलटांना पाण्याखालून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण या गोष्टी टप्प्याटप्प्याने सक्तीच्या केल्या. दहा वर्षं लागली. मला याचा आजही राग येतो.

फ्लोटप्लेन उलटलं की फ्लोट वर तरंगत राहतात आणि केबिन त्यांच्याखाली पाण्यात लटकते. तुम्ही पट्ट्याला उलटे टांगलेले असता, नाकात पाणी जातं, डावं-उजवं कळत नाही. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे पट्टा लगेच सोडणं. पट्टा सोडला की शरीर तरंगून केबिनमध्ये कुठेही जातं आणि दार कुठे होतं ते सापडत नाही. म्हणून बसल्या बसल्या, इंजिन सुरू व्हायच्या आधी, हे करून बघा: दाराच्या बाजूचा हात गुडघ्यावर ठेवा आणि तिथून दाराचं हँडल किती अंतरावर, कुठल्या दिशेला आहे ते डोळे मिटून शोधा. हँडल कुठल्या बाजूला फिरतं ते विचारा. पुन्हा एकदा डोळे मिटून शोधा. विमान उलटलं तरी गुडघ्यापासून हँडलची दिशा तीच राहते, कारण तुम्ही आणि दार एकत्रच उलटता.

आदळल्यावर सगळी हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. हेडसेट काढून टाकायचा, त्याची वायर गळ्यात अडकते. एका हाताने दार किंवा खिडकी उघडायची आणि तिची चौकट घट्ट धरायची. ती पकड न सोडता दुसऱ्या हाताने पट्टा सोडायचा, आणि चौकटीला धरून स्वतःला बाहेर ओढायचं. पाय मारत पोहायचं नाही, मागच्याच्या तोंडावर लाथ बसते. लाइफ जॅकेट अंगावर हवं, पण फुगवायचं बाहेर आल्यावरच. आत फुगवलं तर ते तुम्हाला वरच्या बाजूला दाबून ठेवतं, आणि उलट्या विमानात वरची बाजू म्हणजे केबिनचा तळ. दार पाण्यातून खाली, तुमच्या आवाक्याबाहेर राहतं. लहान मूल बरोबर असेल तर त्याला कोण बाहेर काढणार हे बसायच्या आधी एकमेकांत ठरवा.

पायलटला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत आणि चांगला पायलट त्यांनी दुखावत नाही. लाइफ जॅकेट सीटखाली आहे की अंगावर घालायचं? अंगावरच द्या म्हणा. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर आहे का? आज तलाव पुरेसा आहे का, आणि सुटलं नाही तर कुठे थांबणार? या शेवटच्या प्रश्नावर ज्याने काठाकडे बोट दाखवून 'त्या खडकापाशी' असं सांगितलं त्याच्याबरोबर मी निर्धास्त बसेन. ज्याने 'होईल हो, रोजच जातो' म्हटलं, त्याला दुपारऐवजी सकाळची वेळ मागा, किंवा सामान कमी करून बघा. तेही नको असेल तर उतरा.

आणि त्या अपघाताचा अहवाल आला की त्यात तीन आकडे आधी शोधा: त्या वेळच्या हवेच्या घनतेनुसार उंची, उड्डाणाच्या वेळचं प्रत्यक्ष वजन व तोल, आणि विमान पाण्यावरून पहिल्यांदा सुटलं तिथून समोरच्या काठापर्यंत उरलेलं अंतर. इंजिन, एक्झॉस्ट आणि पायलटची प्रकृती यांत काही सापडलं नसेल, तर उत्तर बहुधा त्या तिसऱ्या आकड्यात असेल.